सामाईक भिंत

कोपरखैरण्यात आमच्या ओळीत
दोन घरांत मिळून भिंत एकच.
बांधली तेव्हाच ठरलं असावं
की माझ्या खिळ्याचं टोक उत्तमच्या बाजूला निघणार
आणि त्याच्या घरात काही आदळलं
की माझं कॅलेंडर पडणार.

पडायचं.
महिन्यातून दोनदा, पगाराच्या आठवड्यात जरा जास्त.
मी उचलायचो, एकादशीचं पान झटकायचो,
पुन्हा खिळ्याला लावायचो.
वैजयंता टीव्हीचा आवाज वाढवायची.
मग मालिकेतली सासू ओरडायची
आणि पलीकडची मालन ऐकू यायची नाही.

सकाळी नळावर मालन, पदर कानावरून ओढलेला.
"कडी लागली," म्हणायची.
कुणी विचारलं होतं?
आमच्यापैकी कुणीच काही विचारलं नव्हतं,
तरी तिच्याकडे उत्तर तयार.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणायचे सगळे.
त्या मुठीचं वजन
मालनच्या गालाला माहीत.

पहाटे नाशिकचे ट्रक खाली झाले
की आमची टोळी चहाला बसते,
आकडे खांद्याला, केसांत कांद्याची सालं.
उत्तम तिथं सांगायचा, हातवारे करून,
"काल जरा वळण लावलं तिला."
आणि आम्ही हसायचो.
मीसुद्धा. ज्याचं कॅलेंडर पडलं होतं, तो.
का हसायचो विचाराल तर
चहासोबत खारी खातो तसं,
भूक नसताना.

त्या दिवशी खास काही नव्हतं.
गेनूनाना हसले नाहीत, एवढंच.
मुकादम माणूस. चाळीस वर्षं पोती वाहून
मान एका बाजूला कललेली.
अर्धा ग्लास चहा त्यांनी गटारात ओतला.
"पाटणकडची ना रं ती पोर?
बाप तिचा तिकडं कोयनेच्या काठी.
हितं मला धर."

आमचं हसू मध्येच लोंबकळलं,
दोघांनी उचललेल्या पोत्याचा
एकानं हात सोडावा तसं.
उत्तम थोडा वेळ हसत राहिला.
एकट्याला पेलेना.
मग खिसे चाचपत बिडी शोधू लागला.

मला वाटलं, झालं.
त्याच रात्री कॅलेंडर पुन्हा पडलं.

मी सवयीनं वाकलो.
वैजयंतानं टीव्ही बंद केला.
"किती वेळा लावणार हाय?"
मग हळू,
"आपलं लगीन झालं त्या साली
पलीकडं कोण राहायचं, आठवतं?
त्यांच्याबी भिंतीला असंल की कॅलेंडर."

आठवलं.
आठवायचं नव्हतं.

चपला सापडायला फार वेळ लागला.
बाहेर आलो तर कोपऱ्यावरची गोदाक्का
आधीच त्याच्या ओट्यावर,
हाताला भाकरीचं पीठ तसंच.
माझ्याकडे न बघता म्हणाली, "वाजव."
मी कडी वाजवली.
खरी कडी. पहिल्यांदाच हाताला लागली ती,
गार, साधी, कुणालाही न मारणारी.

उत्तमनं दार बोटभर उघडलं.
"आमच्या घरातलं हाय."
"भिंत आमचीबी हाय," गोदाक्का म्हणाली,
आणि पाय उंबऱ्यात घातला.

मालन आमच्याकडे आली, अनवाणी.
चहा नको म्हणाली, पाणी प्याली.
कशानं लागलं, ते सांगितलं नाही.
या वेळी विचारलं होतं आम्ही. तरी नाही.
पहाटेपर्यंत वैजयंताच्या शेजारी
डोळे उघडे ठेवून पडून राहिली.

उत्तम अजून टोळीत आहे.
नाना त्याच्याशी कामापुरतं बोलतात.
चहाला बसतो तेव्हा तो तोंड उघडतो,
आमची तोंडं बघतो,
आणि कांद्याच्या भावाचं काहीतरी बोलतो.
घरी काय करतो?
कमी, असं मालन म्हणते.
कमी म्हणजे किती, ते माझ्यानं अजून विचारवत नाही.

परवा मी हातोडी काढली.
म्हटलं, कॅलेंडर त्या भिंतीला लावू, स्वयंपाकघराच्या.
वैजयंता पीठ चाळत होती.
चाळण थांबली नाही.
"राहू दे तिथंच.
पडलं तर कळायला नको?"